पाथरवटांची पोरं

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन हे गाव चुनखडकाच्या खाणींसाठी आणि इंडियाना विद्यापीठासाठी ओळखले जाते. १९७९ साली आलेला ‘ब्रेकिंग अवे’ हा चित्रपट या दोन जगांच्या सीमेवर घडतो. दिग्दर्शक पीटर येट्स इंग्लंडचे, तर पटकथाकार स्टीव्ह टेसिच यांचा जन्म युगोस्लाव्हियातला. अमेरिकेच्या अंतर्भागातल्या एका लहान गावाची ही गोष्ट अशी बाहेरून आलेल्या दोन माणसांनी सांगितली आहे. डेव्ह, माइक, सिरिल आणि मूचर या चार मित्रांची शाळा संपून वर्ष उलटले आहे. कॉलेजात कोणी गेलेले नाही आणि ज्या खाणींवर वडीलधाऱ्यांनी आयुष्य काढले तिथे आता काम उरलेले नाही. चित्रपटात सायकलच्या शर्यती दोन येतात, पण तो ज्या प्रश्नाभोवती फिरतो तो घरातला आहे: बापाने ज्या कामात उमेदीची वर्षे घातली ते काम संपल्यावर मुलाने स्वतःला कोण म्हणवून घ्यायचे?

या प्रश्नाचे मूळ तिथल्या दगडात आहे. ब्लूमिंग्टन आणि बेडफर्डच्या पट्ट्यातला हा चुनखडक तेहतीस-चौतीस कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात, शिंपल्यांच्या आणि सूक्ष्म जीवांच्या अवशेषांपासून तयार झाला. त्याचा कण इतका एकसारखा असतो की तो कोणत्याही दिशेने सरळ कापता येतो. खाणीतून नुकताच काढलेला दगड ओला आणि मऊ असतो, त्यावर छिन्नी सहज चालते; हवा लागत जाते तसा तो कठीण होतो. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचे दगडी आवरण याच पट्ट्यातले आहे, पेंटॅगॉनसाठीही हाच दगड वापरला गेला आणि गावातल्या विद्यापीठाच्या देखण्या इमारतीही याच दगडाच्या आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर काच, पोलाद आणि काँक्रीटने बांधकामाची रीत बदलली आणि मागणी घसरली. सोडून दिलेल्या खाणींत पाणी साचले. चित्रपटातली पोरे उन्हाळाभर त्या पाण्यात डुंबतात, काठावरच्या तापलेल्या शिळांवर पडून राहतात. विद्यापीठातली श्रीमंत मुले त्यांना ‘कटर’ म्हणून हिणवतात. या चार पोरांपैकी एकानेही कधी दगड कापलेला नाही. कौशल्य वारशाने आले नाही, हिणवणूक मात्र आली.

टेसिच हे सारे जवळून पाहून होते. १९४२ साली उझित्से या गावात जन्मलेला हा मुलगा किशोरवयात आईवडिलांबरोबर इंडियानातल्या ईस्ट शिकागो या कारखान्यांच्या शहरात आला आणि पुढे ब्लूमिंग्टनला शिकला. १९६२ साली विद्यापीठाची ‘लिटल ५००’ ही सायकल शर्यत जिंकणाऱ्या संघात तो होता. त्याच संघातल्या डेव्ह ब्लेस या सायकलपटूने २०० पैकी १३९ फेऱ्या एकट्याने मारल्या होत्या. ब्लेसला इटलीचे, तिथल्या सायकलपटूंचे आणि ऑपेराचे वेड होते. चित्रपटातला डेव्ह स्टोलर त्याच्यावरून घडला, आणि खुद्द ब्लेस पडद्यावर शर्यतीचा निवेदक म्हणून दिसतो.

डेव्हचे इटालियन होणे हा चित्रपटातला सर्वांत आनंदाचा भाग आहे. तो घरात ऑपेराच्या तबकड्या लावतो, इटालियन शब्द पेरत बोलतो, घरच्या मांजराला ‘फेलिनी’ म्हणून हाक मारतो, सायकलपटूंसारखे पायांवरचे केस काढतो. जुन्या गाड्या विकून घर चालवणाऱ्या वडिलांचे डोके यावरून रोज फिरते. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ईनी’ येते असले पदार्थ आपल्या ताटात नकोत, आपल्याला बटाट्याच्या तळलेल्या फोडी हव्यात, अशी त्यांची तक्रार. विद्यापीठातल्या कॅथरीन नावाच्या मुलीलाही डेव्ह आपण इटलीहून शिकायला आलेलो आहोत असे सांगतो आणि रात्री तिच्या खिडकीखाली उभा राहून गातो. हे खोटेच आहे, पण चित्रपट त्याला फसवेगिरीत जमा करत नाही. गावात ज्याला फक्त ‘कटर’ होता येते, त्या मुलाने दुसरे काही होऊन पाहण्यासाठी निवडलेला तो वेश आहे. युगोस्लाव्हियातून आलेल्या मुलाला अमेरिकन होण्यासाठी भाषेपासून चालण्या-बोलण्यापर्यंत सगळे नव्याने अंगी बाणवावे लागते. टेसिच यांनी तोच अनुभव उलटा करून एका अमेरिकन मुलाला दिला, म्हणूनच डेव्हच्या वेडाकडे ते इतक्या मायेने पाहू शकले असावेत.

या वेडाचा कळस हमरस्त्यावर होतो. ‘चिन्झानो’ या इटालियन मद्याचे नाव मिरवणाऱ्या ट्रकच्या मागे डेव्ह सायकल घालतो. सपाट रस्त्यावर वेगाने जाताना सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यातच खर्च होते. पुढे मोठे वाहन असले की त्याच्या पाठीमागच्या आडोशात हा विरोध खूप कमी होतो आणि एरवी अशक्य वाटणारा वेग गाठता येतो. ट्रकचालक बोटे दाखवून वेग सांगत राहतो, पन्नास मैल, मग साठ, म्हणजे ताशी सुमारे ९६ किलोमीटर. पार्श्वभूमीला मेंडेल्सोनची ‘इटालियन सिंफनी’ वाजत असते. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या शरीराला स्वतःच्या सामर्थ्याचा जो निखळ आनंद होतो, तो इतक्या थेटपणे दाखवणारी दृश्ये फार थोडी आहेत.

ज्यांना तो दैवत मानतो ते इटालियन सायकलपटू इंडियानापोलिसच्या शर्यतीला येतात. डेव्ह त्यांच्या बरोबरीने सायकल मारू लागतो, त्यांच्याच भाषेत त्यांच्याशी बोलतो आणि त्यातला एक जण हवा भरायचा पंप त्याच्या चाकात खुपसून त्याला पाडतो. घरी येऊन तो वडिलांपुढे रडतो: सगळेच फसवतात, आपल्यालाच ते ठाऊक नव्हते. ‘पपा’ जाऊन पुन्हा ‘डॅड’ येतो. इतके दिवस त्या इटालियन सोंगाने वैतागलेला बाप, ते सोंग गळून पडलेले पाहून गोंधळतो आणि हा आपला कोसळलेला मुलगा कसा सांभाळावा हे न कळून त्याला अवघडून जवळ घेतो. पॉल डूली यांनी केलेला हा बाप चित्रपटाचा कणा आहे.

पुढे एका रात्री बाप-लेक विद्यापीठाच्या आवारात फिरायला जातात. वडील एका इमारतीकडे पाहत सांगतात की तिचा दगड त्यांनी कापला होता. तरुणपणी आपल्या हातच्या कामाचा त्यांना अभिमान होता. पण इमारती उभ्या राहिल्या तशा त्या आपल्यासाठी फारच चांगल्या आहेत असे वाटू लागले. कोणी तसे बोलून दाखवले नव्हते, तरी अवघडलेपण आले ते कायमचे. मग ते विचारतात, तुम्ही पोरे अजून खाणीत पोहता ना? म्हणजे आपल्या वीस वर्षांच्या कामातून तुमच्या वाट्याला आले ते मागे उरलेले खड्डेच. अमेरिकन चित्रपटात वर्गभेदाविषयी इतके नेमके क्वचितच बोलले गेले असेल. दारावर पहारेकरी नाही, मनाई करणारी पाटी नाही, आणि तरीही आपण घडवलेल्या दगडाच्या पायऱ्या चढायला कारागिराचे पाय धजत नाहीत. मुलाने तिथे शिकायला जावे असे वडिलांना वाटते, ते याच अनुभवातून. डेव्हला मात्र आधी हे कळावे लागते की आपण ज्यांचे आहोत त्यांच्या नावाची लाज बाळगून त्या दारातून आत जाण्यात अर्थ नाही.

बाकीच्या तिघांकडे डेव्हसारखे वेड नाही, त्यामुळे त्यांचे दुःख जास्त उघडे आहे. माइक शाळेत फुटबॉलचा नायक होता. विद्यापीठाच्या खेळाडूंचा सराव कुंपणापलीकडून पाहताना त्याला कळते की दर वर्षी नवा तारा येणार, वर्तमानपत्रात त्याचे नाव छापून येणार, आणि ते नाव आपले कधीच असणार नाही. डेनिस क्वेड यांनी हा राग उत्तम पेलला आहे. उंचपुरा सिरिल बास्केटबॉलमध्ये हरला, आणि आपण हरलो की वडील फार समजूतदारपणे वागतात याचेच त्याला वाईट वाटते. मूचरचे वडील काम शोधायला शिकागोला गेलेले, घर विकायला काढलेले. गाड्या धुण्याच्या दुकानात मालक त्याच्या बुटकेपणावरून हाक मारतो, तेव्हा तो हजेरीचे घड्याळ बुक्क्यांनी फोडून नोकरी सोडतो. डेव्हच्या आईचा एक प्रसंग यांच्याच शेजारी ठेवावा असा आहे. तिने पासपोर्ट काढून पर्समध्ये जपून ठेवला आहे. कुठे जायचे ठरलेले नाही. दुकानात कोणी ओळखपत्र मागितले की तो दाखवता येतो, एवढ्यावर ती समाधानी आहे. बार्बरा बॅरी यांना या भूमिकेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले. चित्रपटाला एकूण पाच नामांकने होती. त्यांपैकी मूळ पटकथेचा पुरस्कार टेसिच यांनी जिंकला.

‘लिटल ५००’ १९५१ साली सुरू झाली. कमावत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळावी म्हणून हॉवर्ड विल्कॉक्स यांनी ती योजली आणि नमुना घेतला इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध मोटार शर्यतीचा: तेहतीस संघ, २०० फेऱ्या, एकूण पन्नास मैल. संघ चौघांचा. सायकल गिअर नसलेली, पेडल उलटे दाबले की ब्रेक लागणारी. एकाने उडी मारून उतरायचे आणि दुसऱ्याने धावत्या सायकलवर झेप घ्यायची. चित्रपटात गावातल्या पोरांना एक जागा मिळते ती मारामारीनंतर, विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या हुकमाने. ही भूमिका विद्यापीठाचे खरे अध्यक्ष जॉन रायन यांनीच केली आहे. डेव्हने सगळ्या फेऱ्या एकट्याने माराव्यात असा चौघांचा बेत असतो, पण तो पडून जखमी होतो आणि ज्या तिघांनी आयुष्यात कशालाच हात घालायचे सोडून दिले होते त्यांना सायकलवर चढावे लागते. त्यांच्या फेऱ्या हळू आहेत, संघ मागे पडतो, तरी शर्यतीतला महत्त्वाचा बदल इथेच घडतो. शेवटी डेव्ह आपले पाय चिकटपट्टीने पेडलला बांधून घेतो आणि त्यांच्या छातीवरचे ‘कटर्स’ हे नाव पहिले येते. पट्टी बांधणारे हात इतर तिघांचे असतात, हे विसरता कामा नये.

या विजयाने खाणी पुन्हा सुरू होत नाहीत, आणि चित्रपट तसे भासवतही नाही. डेव्ह विद्यापीठात जातो, तिथे एका फ्रेंच मुलीला भेटतो आणि सायकल चालवू लागलेल्या वडिलांना फ्रेंचमध्ये हाक मारतो. वडील आपल्या दुकानाचे ‘कॅम्पस कार्स’ हे नाव बदलून ‘कटर कार्स’ करतात. माइकचे पुढे काय, हे चित्रपट सांगत नाही. इथे तो थोडा सोपा होतो, असे म्हणावे लागते: ज्याच्या अंगी असामान्य गुण होता त्याला वाट सापडली आणि बाकीच्यांच्या वाट्याला एक सुंदर दुपार आली.

मराठी प्रेक्षकाला हा चित्रपट पाहताना मन्सूर खान यांचा ‘जो जीता वही सिकंदर’ (१९९२) आठवल्याशिवाय राहत नाही. देहरादूनची ती गोष्ट आणि ब्लूमिंग्टनची ही, यांतले साम्य अनेकांनी दाखवले आहे. श्रीमंतांचे कॉलेज, साध्या घरची पोरे, ‘पायजामा छाप’ ही शिवी आणि शेवटी सायकलवर लागलेला निकाल. तिथे शर्यत जिंकून नायक संजू जखमी भावाची जागा भरून काढतो, वडिलांची मान ताठ करतो, आणि त्या कौटुंबिक ओढीत तो चित्रपट खरा आहे. श्रीमंत कॉलेजाच्या भिंती कोणी बांधल्या हा प्रश्न मात्र त्यात येत नाही. ‘ब्रेकिंग अवे’मध्ये तो प्रत्येक इमारतीवर लिहिलेला आहे, आणि म्हणून तिथली पोरे शिवी पुसत बसत नाहीत, तीच अंगावर घालून मैदानात उतरतात.

पुढे हे नाव पडद्याबाहेरही आले. १९८४ पासून ‘कटर्स’ नावाचा संघ प्रत्यक्ष ‘लिटल ५००’मध्ये उतरू लागला. श्रीमंत विद्यार्थीसंघांच्या वसतिगृहांत न राहणाऱ्या मुलांचा तो संघ. २००७ ते २०११ अशी सलग पाच वर्षे त्याने शर्यत जिंकली. नियम मात्र तोच राहिला: भाग घ्यायचा तर विद्यापीठात प्रवेश घेतलेला असावा लागतो. चित्रपटातल्या माइकला, सिरिलला किंवा मूचरला या संघातही जागा मिळाली नसती.