काडतुसांचा हिशोब आणि सोळावा अध्याय



आजचे श्लोक गीतेच्या सोळाव्या अध्यायातले, १३ आणि १४. आसुरी माणूस मनात काय घोकतो, ते भगवान सांगतात. आज हे मिळवलं, उद्या ते मिळवीन, इतकं माझं आहे, अजून होईल. आणि लगेच पुढच्या श्लोकात: हा शत्रू मी मारला, बाकीचेही मारीन. साठ्याची मोजणी आणि मारण्याची भाषा अगदी शेजारी-शेजारी! मला हे टोचलं, कारण माझ्या लॅपटॉपवर नेमकी अशीच एक शीट आहे.

आमचं शेत जानेफळला, मेहकर तालुक्यात. बाबांकडे पीक संरक्षणाच्या परवान्याची बारा बोअरची बंदूक आहे. सोयाबीन, तूर, हरभरा. आणि रात्री रानडुकरं, रोही. डुकरांचा कळप एकदा शिरला की खातो कमी, तुडवतो जास्त. काडतुसं घेतली की दुकानदार परवान्यावर नोंद करतो, पण घरात काय होतं ते कोण लिहिणार? म्हणून मी शीट केली. तारीख, बिल नंबर, आणली, उडवली, शिल्लक, शेरा. पावसाळ्यात काडतुसाच्या पितळी बुडाला हिरवं चढतं, तेव्हा खराब झालेल्यांचा वेगळा रकाना. (निवडणुकीच्या वेळी बंदूक ठाण्यात जमा करायला सांगतात, त्याचीही एक ओळ.)

फॉर्म्युला टाकताना मी बाबांना विचारलं, "शिल्लक लाल कधी दाखवू? दहाच्या खाली गेली की?"

बाबा म्हणाले, "कमी झाली त होऊ दे ना. गोळी कमी झाली अन् शेऱ्यात कारण लिहेल नसन, तवा लाल कर."

मला वाटतं श्लोकातला फरक इथेच आहे. मालकाचा हिशोब विचारतो, माझ्याकडे किती उरलं? मुनीमाचा हिशोब विचारतो, गेलेलं कुठे गेलं? आकडे दोघांचे तेच. आपल्या एसआयपीच्या शीट्स, बोटातलं जपाचं डिजिटल काउंटर, यांनाही हे लावून बघा. जपाची शिल्लक कोण ठेवतं राव!

पण शेरा लिहिला म्हणून प्रश्न सुटत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार रानडुक्कर मारायला वनविभागाची परवानगी लागते. बंदुकीचा परवाना म्हणजे मारायचा परवाना नव्हे. बाबांच्या शेऱ्यात बहुतेक ठिकाणी 'हवेत' असंच आहे. तरी पिल्लं घेऊन आलेली मादी आपल्या शेतातून पळाली की शेजारच्या शेतात जाते. तो रकाना माझ्या शीटमध्ये नाही, आणि कसा करायचा ते सुचतही नाही. नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो, पण तो पंचनाम्यानंतर. रात्री दोन वाजता शेतात उभ्या माणसाला त्याचा काय उपयोग?

अर्जुनाला खांडववन दहनाच्या वेळी अक्षय भाते मिळाले. ज्याचे बाण संपतच नाहीत, तो मोजेल कशाला? पण मौसल पर्वात, श्रीकृष्ण गेल्यावर, द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन जाताना आभीरांनी गाठलं आणि ते बाण संपले. पुढे महाप्रस्थानाच्या वाटेवर अग्नीने मागितल्यावर धनुष्य आणि भाते पाण्यात सोडावे लागले. म्हणजे भाता अर्जुनाच्या पाठीवर होता, मालकी दुसऱ्याची होती!

आता माझ्यापुढचा प्रश्न. बाबांनी सत्तरी ओलांडली. २०१६ च्या शस्त्र नियमांत अशा परवानाधारकाला वारसासाठी अर्ज करता येतो, आणि त्यांनी माझं नाव काढलंय. मी पुण्यात, वर्षातून चारदा गावी. बंदूक नाकारली तर त्या रात्री शेतात कोण उभं राहणार, आणि घेतली तर शेऱ्यात 'हवेत' सोडून दुसरं काही लिहायची वेळ आली तर मी काय करीन? दिवाळीपर्यंत सांगतो म्हटलंय. तोवर शीट माझ्याकडे, चावी बाबांकडे.

उद्या श्लोक १५.