भाकरीचा हिशेब

कुत्रं इमानी असतं असं आपण म्हणतो, आणि लगेच पुढं जोडतो, खाल्ल्या भाकरीला जागतं. म्हणजे इमान हे भाकरीचं मोल. हर्नियाच्या ऑपरेशननंतर मला हे पटेनासं झालं.

टाके घेऊन मी पिंपळगाव रेणुकाईला घरी आलो तेव्हा मे महिना होता, मिरचीची तोडणी ऐन भरात. सकाळी बाया रानात जायच्या, दुपारनंतर पोती बाजारात. डॉक्टरांनी सांगितलेलं, दीड महिना वजन उचलायचं नाही. पण नुसतं पडूनही राहायचं नाही, चालायचं, नाहीतर पायात रक्ताच्या गाठी होतात. कुणब्याला यातलं पहिलंच जड जातं. घरात सगळे राबताहेत आणि आपण ओसरीवर बाजेवर.

माणसं भेटायला येत होती. नाव ठेवत नाही. पण 'त्यांच्या वक्ताला आपण गेलो होतो का' हा हिशेब दोन्हीकडून असतोच. गाव त्यावरच चालतं.

मोत्याला पहिले आठ दिवस लिंबाला बांधून ठेवलं. अंगावर झेपावला तर टाके तुटायचे. कुत्र्यानं चाटलं की जखम भरते, असं आजी म्हणायची. डॉक्टरांनी त्याला साफ मनाई केली, ते बरोबरच. सोडल्यावर तो बाजेखाली येऊन बसला. त्या दिवसांत त्याला भाकर बायको घालायची. माझ्या हातून एक तुकडाही जात नव्हता. हिशेबानं त्यानं चुलीपाशी बसायला पाहिजे होतं.

दिवस कलला की तो उठून माझ्याकडं बघत उभा राहायचा. मग आम्ही रेणुकामातेच्या देवळापर्यंत जायचो. मी थांबलो की थांबायचा. यात माया किती आणि हिंडायची हौस किती, मला सांगता येणार नाही. हेतू नसेल तर तिला मदत म्हणावं का? पाऊसही हेतूनं पडत नाही. पण मी थांबलो म्हणून पाऊस थांबत नाही.

महाभारतात धर्मराज कुत्र्यावाचून स्वर्गात जायला नाही म्हणतो. कीर्तनात ही गोष्ट आपण धर्मराजाच्या मोठेपणाची म्हणून ऐकतो. मला बाजेवर पडल्या पडल्या कुत्रंच आठवायचं. ते हस्तिनापुरापासून मागं आलेलं, आणि सगळं सोडून निघालेल्या त्या माणसाकडं द्यायला भाकरही नव्हती.

आता मोत्याच्या मागच्या पायाजवळ गाठ आलीय. कापावी लागेल, असं जनावरांचे डॉक्टर म्हणतात. शेजारी हसला, "कुत्र्याचं आप्रेशन? याड लागलं का?" बायको म्हणते, आधी ठिबकच्या नळ्या बदला. ती चुकीचं बोलत नाही. नळ्या फुटल्यात, आणि पैसा एकच आहे. मोत्या काही मागत नाही, त्यामुळं नाही म्हणणं फार सोपं आहे. तेच मला खटकतं.

भोकरदनला न्यायला टेम्पोवाल्याला सांगून ठेवलंय. बायकोनं जुनी गोधडी धुऊन वाळत घातलीय. बोलत मात्र नाही.