वेगळेपणाची किंमत कोणी द्यावी?

हायस्कुलात जाणाऱ्या मुलाला घरातील वडीलधारी माणसे दोन उपदेश आवर्जून करतात. एक, 'चारचौघांसारखे वागावे'. दुसरा, 'लोक काय म्हणतात याकडे लक्ष देऊ नये'. हे दोन्ही उपदेश कित्येकदा एकाच तोंडून येतात आणि त्यांतील विरोध सांगणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. मुलाला मात्र तो रोज वर्गात सोडवावा लागतो. समवयस्कांनी आपल्याला आपले म्हणावे, ही त्या वयाची भूक असते. आणि आपण कोणी निराळे आहोत, ही जाणीवही त्याच वयात जागी होते.

या भुकेला दुर्बलता म्हणणे मला अन्यायाचे वाटते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५१ च्या सुमारास कॉलेजातील विद्यार्थ्यांवर काही प्रयोग केले. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. त्या तिघींपैकी पहिलीएवढी कोणती, इतकाच प्रश्न. उत्तर डोळ्यांना स्पष्ट दिसणारे होते. परंतु एक विद्यार्थी सोडला तर बाकीचे सगळे आधीच पढवून ठेवलेले असत आणि ठरलेल्या फेऱ्यांत एकमुखाने चुकीचे उत्तर देत. अशा फेऱ्यांतील सुमारे एक तृतीयांश उत्तरे बहुमताच्या मागे गेली, आणि सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थी निदान एकदा तरी आपल्या डोळ्यांशी अप्रामाणिक झाले. येथे प्रश्न केवळ रेघांचा होता. मग चौदा वर्षांच्या मुलाने, ज्यांच्यासोबत रोज डबा खायचा, त्यांच्याच विरुद्ध एकट्याने उभे राहावे, ही अपेक्षा केवढी मोठी! आगरकरांनी जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहिली, तरी ते ढळले नाहीत. ते धैर्य वंद्य आहे. पण प्रत्येक मुलाकडे त्याची मागणी करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तर मग मिळतेजुळते घेणे नैतिकदृष्ट्या केव्हा चुकीचे ठरते? या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकातून मिळाले नाही.

१९७३ साली मी इंदूरच्या एका हिंदी माध्यमाच्या शाळेत नववीत होतो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, हा आपणा सर्वांचाच परिपाठ. माझी हिंदी इतकी सफाईदार झाली होती की आडनाव सांगितल्याखेरीज कोणी मला मराठी म्हणून ओळखत नसे, आणि याचा मला अभिमान होता. त्या वर्षी वडिलांच्या बदलीमुळे कोकणातून आलेला एक मुलगा आमच्या वर्गात दाखल झाला. 'आवाज' हा शब्द मराठीत पुल्लिंगी, तर हिंदीत स्त्रीलिंगी आहे. गुरुजींनी धडा मोठ्याने वाचण्यास सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "सर, मेरा आवाज ही छोटा है." सारा वर्ग हसला. पुढे वर्षभर 'मेरा आवाज' हेच त्याचे नाव झाले. मी हसलो, आणि तेवढ्यावर थांबलो नाही. त्याची नक्कल सर्वांत हुबेहूब मलाच साधत असे, कारण ते उच्चार माझ्या घरातले होते. मधल्या सुट्टीत मुले मला फर्माईश करीत आणि मी ती पुरी करीत असे. पुढच्या वर्षी तो शाळेत दिसला नाही. कारण मी कोणालाही विचारले नाही.

आज विचार करता वाटते, मी चांगली हिंदी शिकलो यात काहीच गैर नव्हते. ज्या प्रांतात आपण पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, तेथील भाषा सफाईने बोलणे म्हणजे स्वत्व गमावणे नव्हे. त्यासाठी जे श्रम पडले ते माझे मी सोसले. परंतु मी नक्कल केली, तेव्हा माझ्या मान्यतेची किंमत दुसऱ्याने मोजली. मर्यादा येथे ओलांडली गेली. स्वतःचे काही सोडून समूहात मिसळणे ही तडजोड होय. दुसऱ्याला पुढे ढकलून मिसळणे हा अपराध होय.

अ‍ॅश यांच्या प्रयोगांचा एक उत्तरार्धही आहे. गटात एक जण जरी खरे उत्तर देणारा ठेवला, तरी परीक्षार्थीची चुकीची उत्तरे एक चतुर्थांशावर येत. म्हणजे एकट्या पडलेल्याला सारा वर्ग आपल्या बाजूचा लागत नाही. एक सोबती पुरतो. त्या वर्गात तो सोबती मी होऊ शकलो असतो. त्याला आगरकरांचे धैर्य लागत नव्हते. सुट्टीत त्याच्याशेजारी बसून मराठीत चार वाक्ये बोललो असतो, तरी पुष्कळ झाले असते.

होळकरशाहीत आपल्या पूर्वजांच्या वेगळेपणाला राज्याचा आधार होता. १९४८ मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झाले आणि तो आधार संपला. तरी 'आपली भाषा सोडू नकोस' असे आपण नातवंडांना बजावतो. ते योग्यच आहे. पण ते ओझे वाहताना वर्गात त्यांच्या पाठीशी कोण असते, आणि ती स्वतः कोणाच्या पाठीशी उभी राहतात, हे आपण क्वचितच विचारतो. नातू शाळेतून आला की 'किती गुण मिळाले' हे मी विचारतोच. अलीकडे आणखी एक विचारू लागलो आहे, 'आज वर्गात कोणाला हसलात?' तो कधी उत्तर देतो, कधी टाळतो. टाळतो तेव्हा मी त्याला त्या कोकणातल्या मुलाविषयी सांगतो.