मागून मारलेली हाक

भोर-वेल्ह्याच्या डोंगरात, तोरण्याच्या पायथ्याशी एका वाडीत दोन वर्षांचा मुलगा होता. गुटगुटीत, हसरा, पण अजून एकही शब्द न बोलणारा. आजी म्हणायची, "याचा बापबी उशिराच बोलला. बोलंल की!" आईच्या मनात मात्र सलत होतं.

भातलावणी उरकल्यावर अंगणवाडीच्या ताई पालकांना विचारायच्या प्रश्नांचा कागद घेऊन घरी आल्या. मूल नजरेला नजर देतं का? हवं ते बोटानं दाखवतं का? दोन शब्द जोडून बोलतं का? मागून हाक मारली तर वळतं का? आईनं सगळ्यांना 'हो' म्हटलं. घरात सासू, दारात शेजारीण. 'नाही' म्हणायची छाती होईना.

ताईंनी कागद भरलाच नाही. म्हणाल्या, "वहिनी, ही परीक्षा नाही. 'नाही' म्हटल्यानं लेकरू वाईट ठरत नाही, आई तर नाहीच. उलट 'नाही' कळलं तरच पुढं कुणी तपासणार. आठवडाभर त्याला नीट बघा, मग सांगा."

ताईंचं खरंच होतं. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. डॉक्टर घटकाभर बघणार, तेवढ्यात लेकरू रडून आईच्या पदरात तोंड लपवणार. दिवसभर त्याला बघते ती आईच.

दुसऱ्या दिवशी मुलगा अंगणात कोंबड्यांमागं रमला होता. आईनं मागून हाक मारली. मग आणखी मोठ्यानं. कोंबड्या बिचकल्या, मुलगा नाही.

"ऐकतो की!" आजी म्हणाली. "उखळात मुसळ पडलं की लगेच बघतो."

आईनं त्याला पाठमोरा कडेवर घेतला आणि म्हणाली, "आत्या, आता कांडा." मुसळ पडत राहिलं, मुलानं मान वळवली नाही. खाली ठेवल्याबरोबर वळला. पायाखालची जमीन हादरली, ते त्याला कळलं होतं.

आजी खोटं बोलत नव्हती. काही मुलं उशिरा बोलतातच. पण बाप उशिरा बोलल्याच्या त्या एका आठवणीच्या भरवशावर घरानं आणखी वर्ष घालवलं असतं, आणि भाषा शिकायची ही वर्षं मुलाला परत मिळत नाहीत.

कागदावर 'नाही' लिहिलं गेलं. पथकानं तपासलं, पुढं पाठवलं. एसटीनं नसरापूरमार्गे पुणे, तिथून औंधचं जिल्हा रुग्णालय. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येत होतं. श्रवणयंत्र बसलं, पण कित्येक दिवस तो ते ओढूनच काढायचा. आई पुन्हा लावायची, समोर बसून बोलत राहायची. शब्द अजून मोजकेच आहेत, सराव चालू आहे.

पुढच्या खेपेला ताई वाडीत आल्या, तेव्हा शेजारच्या सुनेनं आपल्या लेकीबद्दल घाईघाईनं सगळं 'हो' सांगून टाकलं. आजी ओसरीवरून उठून तिकडं गेली. म्हणाली, "ताई, लिहू नका अजून. हिला आठवडाभर बघू द्या."