विहिरीचा गाळ कोणी उपसावा?

गावच्या विहिरीचे पाणी सर्वांनी भरावे आणि गाळ मात्र एकट्यानेच उपसावा, हे न्यायाचे होईल काय? जिची मूळ आज्ञावली कोणीही वाचावी, सुधारावी व विनामूल्य वापरावी, त्या मुक्त संगणकप्रणालीच्या बाबतीत असेच घडते. ‘ओपनएसएसएल’ ही प्रणाली जगभरच्या बलाढ्य कंपन्यांचे व्यवहार सुरक्षित राखते. २०१४ साली तिच्यात ‘हार्टब्लीड’ हा गंभीर दोष आढळला, तेव्हा कळले की तिची निगा मूठभर माणसे राखीत होती आणि वर्षाच्या देणग्या होत्या अवघ्या २,००० डॉलरच्या आसपास!

वेगळी उदाहरणेही आहेत. रेड हॅट कंपनीने भारतीय लिप्यांचे ‘लोहित’ अक्षरसंच सर्वांसाठी खुले केले व तिच्या पुण्यातील पगारी अभियंत्यांनी ते जोपासले. त्यामुळे येथे खांडबाऱ्यातही कोणालाही संगणकावर देवनागरी विनामूल्य लिहिता येते. बंगळुरूच्या झेरोधाने २०२४ साली मुक्त प्रकल्पांसाठी वार्षिक १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला.

पगार असो वा निधी, पैसा देणाऱ्याने विहिरीवर मालकी सांगू नये. या देण्याला आम्ही दान म्हणणार नाही. ज्या पाण्यावर आपला मळा पिकला, त्याचे ते ऋण आहे. आपली मुले उद्या अशा कंपन्यांत अधिकारपदावर बसतील, तेव्हा त्यांनी हा हिशेब विसरू नये, एवढीच आमची इच्छा.