प्रचिती आणि पडताळा

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष उजाडला की दत्तभक्तांमध्ये अनुभवांच्या गोष्टी निघतात. गुरुचरित्राच्या सप्ताहात कुणाला अचानक सुगंध आला, कुणाचं अडलेलं काम वाडीहून परतताच झालं. सांगणारी माणसं खोटं बोलत नाहीत. पण असा अनुभव पुरावा मानायचा का?

माझी नोकरी बँकेत कारकुनीत गेली. तिथला साधा नियम म्हणजे, व्हाउचर लिहिणाऱ्यानं ते स्वतःच पास करायचं नाही. दुसरी सही लागते. मनाचंही तसंच आहे. अनुभव घेणारं तेच आणि अर्थ लावणारंही तेच. त्यात इच्छा मिसळते, भीती मिसळते, सात दिवसांचं हविष्यान्न आणि जमिनीवरची झोपही मिसळते. समर्थांनीसुद्धा दासबोधात आत्मप्रचितीच्या जोडीला शास्त्रप्रचिती आणि गुरुप्रचिती सांगितली आहे.

दुसरी गोष्ट जमाखर्चाची. पारायणानंतर आजारी माणूस उठून बसला, हे आपण जमेला धरतो. तितक्याच श्रद्धेनं वाचूनही ज्या घरातलं माणूस गेलं, त्याची नोंद कुठे करायची? त्या घरातल्या बाईसमोर आपण “महाराजांनी आमचं ऐकलं” म्हणतो, तेव्हा तुझं ऐकलं नाही, असंच तिला सांगत असतो. हे मला फार कठोर वाटतं.

मग अनुभव टाकून द्यायचा? मुळीच नाही. ज्या रकमेचा उलगडा होत नाही ती बँक सस्पेन्स खात्यात ठेवते. ती नाकारत नाही आणि घाईनं कुणाच्या नावावरही टाकत नाही. अनुभवही असाच जपून ठेवावा. उलगडा पुढे आपल्या वागण्यातून होतो. राग कमी झाला का? दुसऱ्याचं दुःख ऐकायला आपण थांबतो का? तसं होत असेल तर तो अनुभव कामी आला म्हणायचा.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतात. पृथ्वी, वारा, समुद्र, मधमाशी, अजगर... यात चमत्कार कुठेच नाही. सगळं तुम्हा-आम्हाला रोज दिसणारं. परंपरा ज्यांना दत्तप्रभू मानते, ते एवढ्यावर शिकले.

म्हणून ज्यांना आजवर काहीच अनुभव आला नाही, तरीही जे रोज औदुंबरापाशी दिवा लावतात, त्यांची श्रद्धा मला तसूभरही कमी वाटत नाही.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥