रिकामें थडगें

ज्याचें नांव मोठें त्याची समाधि पाहावयास मनुष्य कोसांचे कोस जातो. पण ज्यांचीं नांवेंच उरलीं नाहींत, त्यांचें आपणांवर कांहीं ऋण आहे काय? दक्षिण अटलांटिक महासागरांतील सेंट हेलेना या लहानशा बेटाच्या निमित्तानें हा प्रश्न वाचकांपुढें ठेवावा असें आम्हांस वाटतें.

आजहि प्रवासी जहाजें जेम्सटाउनसमोर नांगर टाकतात. हातीं वेळ दिवसभराचाच. उतारू होड्यांनीं किनाऱ्यास लागतात आणि पुष्कळसे नेपोलियनच्या थडग्याकडे वळतात. तो ५ मे १८२१ रोजीं येथें वारला. शिळेवर त्याचें नांव कसें कोरावें याविषयीं फ्रेंच व इंग्रज यांचें एकमत झालें नाहीं, म्हणून ती कोरीच राहिली. पुढें १८४० मध्यें त्याचें शव मोठ्या समारंभानें पॅरिसला नेण्यांत आलें. म्हणजे हें थडगें आज रिकामें आहे.

त्याच १८४० सालापासून, इंग्रजी आरमारानें पकडलेल्या गुलामांच्या जहाजांतील आफ्रिकी लोक या बेटावर उतरविले जाऊं लागले. सुटका झालेल्या पंचवीस हजारांहून अधिक जीवांपैकीं सुमारें आठ हजार रोगानें व उपासमारीनें मरण पावले. त्यांतील पुष्कळांस जेम्सटाउनशेजारच्या रुपर्टच्या खोऱ्यांत पुरलें. विमानतळाच्या रस्त्यानिमित्त २००७-०८ मध्यें तेथें उत्खनन झालें, तेव्हां ३२५ जणांचे सांगाडे निघाले. त्यांत कित्येक मुलें होतीं. त्यांस पुन्हां मूठमाती मिळावयास २०२२ साल उजाडावें लागलें.

कोणी म्हणेल, 'त्या खोऱ्यांत पाहण्यासारखें काय आहे?' पण रिकाम्या थडग्यांत तरी काय आहे? तेथें आपण पाहतों ती एक गोष्ट, आणि गोष्टीस नायक लागतो. कुतूहलाचा स्वभावच हा. त्याबद्दल उतारूंस दोष देणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. मात्र कुतूहल म्हणजे स्मरण नव्हे. शिवाय फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरीस १८०२ मध्यें पुन्हां कायद्याचा आधार देणारा नेपोलियनच होता. १८१५ मध्यें गुलामांच्या व्यापारास बंदी केली तीहि त्यानेंच. गुलामांची हकीकत वगळून त्याची गोष्टदेखील पुरी होत नाहीं.

आपल्याकडे पितरांबरोबर धर्मपिंडहि देतात. ज्यांच्याशीं आपलें नातें नाहीं, ज्यांस पाणी देणारें कोणी उरलें नाहीं, त्यांच्यासाठीं. हा आचार कोणी पाळो वा न पाळो, त्यांतील न्याय आम्हांस पटतो. बादशहाच्या नांवावरून दोन राष्ट्रें भांडलीं. त्या आठ हजारांसाठीं भांडावयास कोणीच नव्हतें. त्याचें स्मरण जग आपण होऊन करील. त्यांचें करणें केवळ आपल्या इच्छेवर आहे, आणि म्हणूनच तें आपलें कर्तव्य ठरतें.